जेरुसलेमच्या गल्लीतले अन्नछत्र

गेल्या दोन-तीन वर्षांत रमजान आला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास दिसू लागले. पडझड झालेल्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत चुलाणावर भली मोठी पातेली चढवलेली, आणि त्यांच्याभोवती हातात डबे, तपेली, प्लॅस्टिकच्या बादल्या धरून रेटारेटी करणारी मुले. गाव गाझा पट्टीतले. अशा सामुदायिक स्वयंपाकघराला तिथले लोक ‘तकिया’ म्हणतात, असे एका छायाचित्राखाली छापले होते. त्या शब्दापाशी मी थबकलो. आपल्याकडेही गावाच्या कडेला फकिराचा तकिया असतो. तोच हा शब्द असेल का, आणि असल्यास तो पातेल्याला कसा जाऊन चिकटला, एवढ्याच कुतूहलाने मी वाचत गेलो आणि पोहोचलो साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका बाईपाशी. तिच्याबद्दल मला आधी जे थोडेफार ठाऊक होते, ते काही चांगले नव्हते.

त्या बाईचे नाव हुर्रम. तुर्कस्तानचा सुलतान सुलेमान, ज्याला युरोपने ‘वैभवशाली’ म्हटले आणि ज्याच्या स्वतःच्या प्रजेने ‘कायदा देणारा’ म्हटले, त्याची ही बेगम. ‘हुर्रम’ म्हणजे हसरी, आनंदी. शहाजहानचे लहानपणीचे ‘खुर्रम’ हे नाव याच शब्दाचे. योगायोग असा की, आपल्या इतिहासातही एक आनंदीबाई आहे, आणि तिच्या नावावरही एका तरुणाचा खून लावला गेला आहे. ‘ध’चा ‘मा’ खरोखर झाला की नाही हे इतिहासकार ठरवोत, पण लोकांनी निकाल केव्हाच देऊन टाकला. हुर्रमचेही तसेच झाले. २०११ साली सुरू झालेली तिच्यावरची तुर्की मालिका देशोदेशी गाजली. त्यातही ती आहे ती जनानखान्यातली कारस्थानी रूपसुंदरीच. शिजत्या भाताशी तिचा काही संबंध असेल, असे ती मालिका पाहून कोणाला वाटायचे नाही.

ती जन्मली १५०५ च्या आसपास, तेव्हा पोलंडच्या राज्यात असलेल्या आणि आज पश्चिम युक्रेनमध्ये मोडणाऱ्या रुथेनिया नावाच्या मुलखात. रोहातिन हे तिचे गाव, आणि बाप तिथल्या ख्रिस्ती देवळाचा धर्मगुरू, असे परंपरा सांगते. तिचे मूळ नाव म्हणून जी नावे सांगितली जातात ती सगळी फार नंतरची. त्या मुलखावर क्रिमियाच्या तातारांच्या धाडी पडत. घोडेस्वार येत, गावे जाळत आणि धडधाकट माणसे व कोवळी पोरे बांधून नेत. काळ्या समुद्रावरचे काफा बंदर हा या मालाचा मोठा बाजार होता. तिथून गलबते इस्तंबूलला जात. हुर्रम अशाच एका धाडीत सापडली असावी. राजवाड्यात आली तेव्हा ती जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती.

अरबीत ‘यतीम’ म्हणजे ज्याचा बाप वयात येण्याआधीच गेला असे मूल. इस्लामचे पैगंबर स्वतः यतीम होते, आणि कुराणात यतीमांच्या वाटणीला हात लावणाऱ्यांना वारंवार तंबी आहे. धाडीत नेलेल्या मुलीचे आईबाप कदाचित मागे जिवंतही असतील; पण तिच्यापुरते ते मेलेलेच. गुलाम म्हणून विकलेल्या पोरीला कायद्यात बाप नसे, कुळी नसे, गाव नसे. रमजानमध्ये अनाथांसाठी झोळी फिरवतात तेव्हा जी मुले डोळ्यांपुढे असतात, त्यांच्यातलीच ही एक.

पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक असते, म्हणून आटोपती घेतो. सुलेमान १५२० मध्ये गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी हुर्रमला पहिला मुलगा झाला, मेहमेद. राजवाड्याचा दंडक असा की, एका दासीला सुलतानापासून एकच मुलगा व्हावा. मग तिने त्या मुलाचे संगोपन करावे आणि तो मोठा झाला की त्याच्याबरोबर परगण्याच्या गावी निघून जावे. हुर्रमच्या बाबतीत हा दंडक मोडला. मिहरिमाह ही मुलगी, आणि सेलिम, बायझीद, जहांगीर असे आणखी मुलगे झाले. एक तान्हेपणीच गेला. सुलतानाने तिला दास्यातून मुक्त केले आणि १५३४ च्या सुमारास तिच्याशी रीतसर निकाह लावला. उस्मानी सुलतान दासीशी लग्न करतो हे इस्तंबूलने पिढ्यान्पिढ्यांत पाहिले नव्हते. लोकांनी ठरवून टाकले की बाईने चेटूक केले.

‘हासेकी सुलतान’ ही पदवी तिला मिळाली. दिवसाला दोन हजार चांदीची अक्चे ही तिची नेमणूक. एरवी एवढ्या पैशाचे दागिने होतात. हुर्रमने त्यातून वक्फ केले, म्हणजे धर्मादायासाठी मिळकत कायमची लावून दिली. ही गोष्ट वरवर दिसते तेवढी साधी नाही. गुलामाला स्वतःची मिळकत नसते, त्यामुळे त्याला वक्फ करता येत नाही. ज्या दस्तऐवजावर दाती म्हणून हुर्रमचे नाव चढले, तो दस्तऐवज ती स्वतंत्र झाल्याचाही पुरावा होता. तिच्या दानात भक्ती किती आणि ही खूणगाठ किती, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही असावीत.

पहिले काम तिने इस्तंबूलमध्येच काढले. मिमार सिनान हा उस्मानी साम्राज्याचा सर्वांत मोठा स्थपती तेव्हा नुकता प्रमुखपदावर आला होता, आणि राजधानीतले त्याचे पहिले मोठे काम हेच. १५३८-३९ मध्ये मशीद उभी राहिली, मग मदरसा, मुलांची शाळा, अन्नछत्र आणि १५५० च्या सुमारास रुग्णालय. जागा होती अव्रत पझारी, शब्दशः बायकांचा बाजार. तिथे बायका विकल्या जात म्हणून हे नाव, की बायका खरेदीला येत म्हणून, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. हुर्रमला त्या नावातून काय ऐकू येत असेल, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही. तिच्या नावाचे हासेकी रुग्णालय त्या भागात आजही चालू आहे.

नंतर मक्का, मदिना आणि जेरुसलेम. जेरुसलेमच्या जुन्या शहरात, हरम-शरीफच्या पश्चिमेला, एक पायऱ्यापायऱ्यांची उताराची गल्ली आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तुन्शुक नावाच्या एका बाईने तिथे मोठा वाडा बांधला होता. ही तुन्शुकही मूळची दासी असावी असे मानतात. युरोपातून येणारे ख्रिस्ती यात्रेकरू या वाड्याला सम्राज्ञी हेलेनाचे रुग्णालय समजत. म्हणजे एकाच वास्तूवर तीन बायकांची नावे, आणि तिन्ही नावे दुखल्याखुपल्याची आणि भुकेल्याची काळजी घेण्याशी जोडलेली. हा वाडा आणि त्याच्या आसपासची जागा घेऊन १५५२ मध्ये हुर्रमचे अन्नछत्र सुरू झाले. सुलेमानाने नुकतेच त्या शहराला नवे तट घातले होते, पाणपोया बांधल्या होत्या. त्यात बायकोने ही भर घातली.

या अन्नछत्राची वक्फनिशाणी उपलब्ध आहे आणि अभ्यासकांनी ती बारकाईने वाचली आहे. तिच्यातला मजकूर कळल्यावर, खरे सांगायचे तर, हुर्रमबद्दलचे माझे मत डळमळले. आरंभी नेहमीची स्तुती आहे. इस्लामच्या आद्य काळातल्या थोर स्त्रियांशी तुलना वगैरे. ते जाऊ द्या. खरी गंमत पुढे आहे, कारण पुढे सुरू होते ते चक्क स्वयंपाकघर. यात्रेकरू आणि धर्मनिष्ठ रहिवाशांसाठी पंचावन्न खोल्या, मशीद, सराई, मुदपाकखाना, भट्टी, कोठीघर, लाकूडफाट्याची जागा. जवळजवळ पन्नास नोकर: कारभारी, कारकून, कोठावळे, आचारी, भटारी, गहू कांडणारे, भांडी घासणारे, झाडूवाले, शिवाय तांदूळ निवडणारे. तांदळातले खडे वेचायला पगारी माणूस नेमणाऱ्या दानपत्राबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. गरिबाच्या तोंडात खडा येऊ नये, एवढा विचार त्यात आहे.

दिवसातून दोनदा जेवण. सकाळी तांदळाची पेज: तूप, हरभरे, कांदा, मीठ घातलेली, आणि ऋतूप्रमाणे कधी भोपळा, कधी दही, कधी लिंबू. संध्याकाळी उकडून भरडलेल्या गव्हाची आटवल, तिच्यातही हरभरे, कांदा आणि जिरे. बरोबर भाकरी, म्हणजे तिथला भट्टीतला पाव. वाढण्याचे माप पळीचे. शुक्रवारी, दोन्ही ईदांना आणि रमजानच्या रात्री बेत वेगळा असे. मटण घातलेला भात, आणि वर मध व केशर घातलेला गोड पिवळा भात. या गोड भाताला तुर्कीत ‘झेर्दे’ म्हणतात. आपल्याकडे मुसलमान घरांतल्या लग्नात ‘जर्दा’ असतो तो हाच. दोन्हींचे मूळ पिवळेपणा दाखवणारा एकच फारसी शब्द. अभ्यासकाच्या दृष्टीने हा शब्दप्रवास असेल. मला मात्र मुंबईत किंवा औरंगाबादेत लग्नाच्या पंगतीत खाल्लेला घास जेरुसलेमच्या भिकाऱ्याच्या ताटापर्यंत जाताना दिसला.

दोन्ही वेळच्या पंगतीला चारशे गरीब, शिवाय खोल्यांतले रहिवासी आणि नोकरवर्ग. म्हणजे पाचशेच्या आसपास पाने. त्या काळी शहराची वस्ती पंधरा हजारांच्या आत-बाहेर. पण पंगतीला क्रम होता. आधी नोकर, मग खोल्यांतले रहिवासी, आणि शेवटी ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते ते गरीब. दान कितीही थोर असो, पंगतीत शेवटी कोण बसतो यात जगात सगळीकडे विलक्षण एकमत आहे.

आता प्रश्न असा की, हा शिधा यायचा कुठून? हुर्रमच्या पेटीतून नव्हे. रमला आणि लुद्द परिसरातली आणि जेरुसलेमच्या आसपासची मिळून वीसहून अधिक गावे सुलतानाने तिला बहाल केली होती, ती तिने वक्फाला लावली. त्या गावांच्या शेतसाऱ्याचे धान्य, आणखी काही दुकाने-गिरण्यांचे भाडे, यावर चुली पेटत. जेरुसलेमच्या शरियत न्यायालयाची दफ्तरे शाबूत आहेत, आणि त्यांत अन्नछत्राचा कारभारी व गावकरी यांच्यातले तंटे नोंदलेले आहेत. पाऊस कमी झाला तरी हिस्सा द्यावाच लागे. म्हणजे लुद्दच्या शेतकऱ्याच्या घरात दाणा कमी आणि जेरुसलेमच्या गरिबाच्या वाडग्यात पेज, असे काही वर्षी तरी घडले असणार. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या अन्नछत्रांबद्दल आपण भारावून बोलतो तेव्हा हा प्रश्न आपणही क्वचितच विचारतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. अन्नछत्र १५५२ चे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १५५३ मध्ये, सुलेमानाने आपला थोरला मुलगा मुस्तफा याला कोन्याजवळच्या छावणीत भेटीला बोलावले आणि तंबूत मुक्या मारेकऱ्यांकडून त्याचा गळा आवळवला. मुस्तफा हा महिदेव्रान या दुसऱ्या बायकोचा मुलगा. सैनिकांचा लाडका, कर्तबगार, आणि सर्वांच्या मते गादीचा वारस. तो गेला म्हणजे हुर्रमच्या मुलांची वाट मोकळी झाली. मुस्तफा बापाविरुद्ध उठणार, अशी वर्दी सुलतानापर्यंत पोहोचवणारा वजीर रुस्तम पाशा हा हुर्रमचाच जावई. सैन्य खवळले, रुस्तमला काही काळ दूर करावे लागले, यह्या या कवीने लिहिलेला विलाप तोंडोतोंडी झाला. दोष आला हुर्रमवर. त्याआधी, १५३६ साली, सुलतानाचा जिवलग मित्र आणि वजीर इब्राहिम पाशा राजवाड्यात रमजानच्या एका रात्री भोजनाला आला आणि सकाळी त्याचे प्रेत सापडले. तेही लोकांनी तिच्याच खात्यावर मांडले.

पुरावा? सरळ पुरावा एकाचाही नाही. शिवाय हुकूम देणारा सुलतान होता, ती नव्हे. पण तिला हे नको होते असेही म्हणवत नाही. उस्मानी रिवाजात गादी एकाला मिळे आणि बाकीच्या भावांच्या गळ्याला फास लागे. मुस्तफा सुलतान झाला असता तर तिची मुले जिवंत राहिली नसती, हे तिला पक्के ठाऊक होते. आई म्हणून तिला निवड होती ती एवढीच. मी तिच्यावर खटला चालवायला बसलेलो नाही, आणि पातेलीभर पेजेच्या बदल्यात तिला निर्दोष सोडायलाही नाही. हे दोन्ही एकाच बाईने एकाच सुमारास केले असेल, हे मान्य करताना जीव थोडा अडखळतो एवढेच.

मुस्तफा गेल्यावर काही आठवड्यांतच तिचा धाकटा, पाठीला कुबड असलेला जहांगीर, हलबच्या छावणीत वारला. सावत्र भावाच्या दुःखाने गेला असे लोक म्हणत. मेहमेद दहा वर्षांपूर्वी, १५४३ मध्येच गेला होता. हुर्रम १५ एप्रिल १५५८ ला इस्तंबूलमध्ये वारली. नुकत्याच पुऱ्या झालेल्या सुलेमानिया मशिदीच्या आवारात तिची कबर आहे. उरलेल्या दोन मुलांनी पुढच्याच वर्षी एकमेकांवर शस्त्र धरले. बायझीद हरला, इराणात पळाला आणि तिथे आपल्या मुलांसह मारला गेला. ते पाहायला ती नव्हती. सुलेमानाने तिच्या पश्चात १५६० मध्ये जेरुसलेमच्या अन्नछत्राला सैदा परिसरातली आणखी काही गावे जोडून दिली. थकलेल्या नवऱ्याने बायकोसाठी करण्यासारखे तेवढेच राहिले होते. तिने जेरुसलेम कधी पाहिले नाही. (पाहिलेले तर मीही नाही, पण माझ्या नावाने तिथे कोणी जेवत नाही.)

अन्नछत्र चालू राहिले. चांगले चालले असे मात्र नेहमी म्हणता येत नाही. अठराव्या शतकापर्यंत त्यातल्या पावांचा मोठा वाटा गरिबांऐवजी शहरातल्या मानकऱ्यांकडे आणि अधिकाऱ्यांकडे जाऊ लागला होता. नंतर वाड्याच्या काही भागात सरकारी कचेऱ्या आल्या. मग पहिले महायुद्ध, १९१५ ची टोळधाड, उपासमार आणि ब्रिटिशांचा अंमल. अनाथ मुलांची संख्या त्या युद्धाने किती वाढवली असेल याची कल्पना करता येते. १९२२ मध्ये तिथल्या मुस्लिम सर्वोच्च परिषदेने याच इमारतींत अनाथालय काढले, ‘दार अल-अय्ताम’, म्हणजे यतीमांचे घर. अक्षरओळखीबरोबर मुलांना सुतारकाम, छपाई असले हातचे धंदे शिकवत; तिथला छापखाना प्रसिद्ध होता. हुर्रमच्या मुदपाकखान्याशेजारी अशा तऱ्हेने अनाथांची शाळा आली.

याच परिषदेची माणसे त्या सुमारास अक्सा मशिदीच्या दुरुस्तीसाठी मदत मागत हिंदुस्थानात आली होती, आणि हैदराबादच्या निजामाने तिला देणगी दिली. त्या खजिन्यात मराठवाड्याचाही शेतसारा जात होता. परभणी-बीडच्या कुणब्याचा दाणा अशा आडवाटेने त्या शहरात पोहोचला असेल. लुद्दच्या शेतकऱ्यासारखेच त्यालाही कोणी विचारले नव्हते. खिलाफत चळवळीतले मौलाना महंमद अली १९३१ मध्ये लंडनला वारले, त्यांची कबरही जेरुसलेमलाच, हुर्रमच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

जेरुसलेमचे लोक या जागेला ‘खासकी सुलतान’ म्हणतात. हासेकीचे अरबी जिभेवर खासकी झाले. गल्लीचे नावही तकियाचा चढ. ही तकिया चालू आहे, आणि रमजानमध्ये तिथली पातेली संख्येने आणि आकाराने वाढतात. पंगत आता बसत नाही. लोक भांडी घेऊन येतात आणि भात, चिकन, सूप घरी नेतात. सूर्यास्ताला रोजा सुटतो तेव्हा ते आपापल्या घरात खातात. रांगेत उभे राहणे ज्यांना जड जाते, त्यांच्या घरची मुले पुढे होतात.

तिथून गाझा पाऊणशे किलोमीटरवर आहे. २०२४ चा रमजान ११ मार्चला सुरू झाला तेव्हा तिथे अन्न विमानांतून टाकले जात होते, आणि काही दिवसांनी समुद्रातून तराफ्यावर आणले गेले. त्या तराफ्याच्या कामात असलेल्या वर्ल्ड सेंट्रल किचन या संस्थेची सात माणसे १ एप्रिलला, रमजान संपायच्या आधीच, इस्रायली हवाई हल्ल्यात मारली गेली. २०२५ चा रमजान सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला, इस्रायलने गाझात जाणारा सगळा माल अडवला, धान्यही. आईबापांपासून तुटलेली किंवा एकटी पडलेली किमान सतरा हजार मुले तिथे असावीत, असा युनिसेफचा अंदाज फेब्रुवारी २०२४ मधलाच होता. तिथल्या तकिया शिधा असेल त्या दिवशी पेटत, नसेल त्या दिवशी विझत. त्यांच्यामागे गावे लावून दिलेली नव्हती, आणि तांदूळ निवडायला पगारी माणूसही नव्हता.

ते छायाचित्र मी पुन्हा काढून पाहिले. सर्वांत पुढे सात-आठ वर्षांची एक मुलगी आहे. आपल्या डोक्याच्या दुप्पट मोठे ॲल्युमिनियमचे पातेले तिने दोन्ही हातांनी उंच धरले आहे, आणि तिची नजर पळी धरलेल्या हाताकडे आहे.